पाकोळी ओळखा, तिची घरटी राखा
(काष्टी येथे शेतकऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



काष्टीच्या शनिवारच्या बाजारात आपली नजर बैलाच्या खुरांवर आणि शिंगांवर असते. पुढच्या बाजाराला ती जरा वरही न्या. जुन्या इमारतींभोवती, देवळांभोवती चिरचिरत घिरट्या घालणारा काळा थवा दिसला, तर ती पाकोळी असण्याचा संभव आहे. कुठे कुठे लहान वटवाघळालाही पाकोळी म्हणतात. पण ही पाकोळी पक्षी असून दिवसा उडते.

तिचे अंग चिमणीएवढे, पंख विळ्यासारखे लांब व वाकडे, शेपटी आखूड असते. गळा आणि शेपटीच्या वरचा पट्टा पांढरा असतो. भिंगरीशी तिची गल्लत होते. विजेच्या तारेवर ओळीने बसते ती भिंगरी. पाकोळी तारेवर बसत नाही, कारण तिच्या पायाची चारही बोटे पुढे वळलेली असतात. तिला खडबडीत भिंतीला फक्त लटकता येते.

पिसे व काड्या ती उडतानाच गोळा करते आणि लाळेने चिकटवून छताच्या कोपऱ्यात, कमानीत किंवा पुलाखाली घरटे बांधते. अशी अनेक घरटी एकमेकांना चिकटलेली असतात. पिले उडून गेल्यावरही रात्रीचा मुक्काम तिथेच असतो.

शेतीला तिचा उपयोग काय? पंखांचा मावा, वाळवीचे पंखधारी कीटक, माश्या, लहान भुंगेरे हे तिचे खाद्य. मात्र ती हवेतलेच कीटक टिपते. पानामागे बसलेला मावा किंवा बोंडातली अळी तिला सापडत नाही. 2002 साली उसावर लोकरी मावा आला, तेव्हा पानावरची वसाहत खाण्याचे काम डिफा, मायक्रोमस या मित्रकीटकांनी केले. म्हणून पाकोळ्या आहेत म्हणून पिकाची पाहणी सोडू नका आणि गरजेशिवाय फवारणीही करू नका.

विणीचा काळ साधारण फेब्रुवारी ते सप्टेंबर असतो. वाड्याची दुरुस्ती, रंगकाम त्यानंतर काढा. तरीही आधी घरट्यात पिले नाहीत ना, हे पाहा. विष्ठेचा त्रास होत असेल, तर घरटे न पाडता खाली फळी ठोका. जमिनीवर पडलेल्या पाकोळीला सहज उडता येत नाही. ती धडधाकट असेल, तर उघड्या तळहातावर ठेवून हात उंच धरा. हवेत फेकू नका. ती आपली आपण झेप घेईल.