अंश आणि अंमल



आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. भांगेच्या झाडात कॅनाबिडायॉल, म्हणजे थोडक्यात सीबीडी, नावाचे एक द्रव्य असते. ते पोटात गेल्यावर शरीरात किती काळ राहते, एवढाच हा विषय. वसंत ऋतूतल्या संध्याकाळी काव्यावर किंवा इतिहासावर ऐकावे अशी आपली सवय. पण ज्या मांडवीतून आगबोटीच्या काळापासून माणसे जहाजावरच्या नोकरीला जात आली, तिथे हा प्रश्न औषधाच्या बाटलीपुरता राहत नाही, तो चुलीपर्यंत येतो. जहाजावर चढण्यापूर्वी, आणि पुष्कळदा चढल्यावरही, खलाशाची लघवी तपासतात. तीत अमली द्रव्याचा अंश निघाला की करार जाण्याची वेळ येते. मग घरी माणूस सांगतो, ‘मी नशा केली नाही, गुडघ्यासाठी तेल घेत होतो.’ त्याचे म्हणणे खरे असू शकते का, आणि यंत्राचेही म्हणणे त्याच वेळी खरे असू शकते का, हे आज पाहायचे आहे.

आम्ही डॉक्टर नव्हे. कामगारांची गाऱ्हाणी समजून घ्यायची तर त्यांच्या हातातले कागद वाचता आले पाहिजेत, एवढ्यासाठी आम्ही या विषयाकडे वळलो. शाळेत जे शिकलो नाही ते प्रयोगशाळांचे अहवाल उलगडता उलगडता शिकावे लागले. त्यामुळे जे सांगू ते साध्या भाषेत सांगू.

प्रथम झाड समजून घेऊ. भांग, गांजा आणि चरस ही एकाच झाडाची तीन रूपे : पान, फुलोरा आणि राळ. आयुर्वेद या वनस्पतीला विजया म्हणतो. हिंदुस्थानात या पदार्थांचा वापर कितपत घातक आहे याची चौकशी करण्यासाठी १८९३ साली सरकारने एक आयोग नेमला. त्याने हजाराहून अधिक साक्षी घेतल्या, सात खंडांचा अहवाल दिला आणि माफक सेवन व अतिरेकी सेवन यांत भेद केला पाहिजे असे सांगितले. मात्र झाडातल्या कोणत्या द्रव्याने काय होते हे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते. सीबीडी वेगळे काढले गेले १९४० साली अमेरिकेत. त्याची रासायनिक रचना उलगडली १९६३ साली इस्राएलमध्ये, राफाएल मेकूलम यांच्या हातून. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि गाओनी यांनी टीएचसी हे दुसरे द्रव्य शुद्ध स्वरूपात मिळवले. झिंग आणते ते हे टीएचसी. सीबीडी झिंग आणीत नाही. एका आईची ही दोन मुले, पण स्वभाव अगदी निराळे. आजच्या विषयाचा सगळा घोटाळा या भावंडांच्या एकत्र राहण्यातून होतो.

आता मूळ प्रश्न : किती दिवस? आपल्याला एकच आकडा हवा असतो, पण प्रामाणिक उत्तर एका आकड्यात मावत नाही. शास्त्रज्ञ ‘अर्धायुकाल’ मोजतात, म्हणजे रक्तातले द्रव्य निम्मे होण्यास लागणारा वेळ. शंभराचे पन्नास, पन्नासाचे पंचवीस, मग साडेबारा, मग सव्वासहा. पाच वेळा निम्मे झाले की शंभरातले सुमारे तीन उरतात. व्यवहारात तेव्हा द्रव्य बहुतेक गेले असे समजतात.

सीबीडीचा हा काळ घेण्याच्या रीतीवर अवलंबून असतो. २०१८ साली निरनिराळे अभ्यास एकत्र पडताळून पाहण्यात आले. त्यांत तोंडात फवारलेल्या एका मात्रेचा अर्धायुकाल सुमारे दीड ते अकरा तास आढळला, धुरावाटे घेतल्यास ३१ तास, आणि रोज पोटात घेत राहिल्यास २ ते ५ दिवस. पाचाने गुणून पाहा. एकदाच फवारा घेणाऱ्याचे काम काही तासांत किंवा फार तर दोन-अडीच दिवसांत आटोपेल. रोज घेणाऱ्याला मात्र दहापासून पंचवीस दिवस लागू शकतील. अपस्माराच्या काही दुर्धर प्रकारांवर सीबीडीचे एक शुद्ध औषध अमेरिकेने २०१८ साली मान्य केले. त्याच्या माहितीपत्रकात सात दिवस रोज दोनदा घेतल्यानंतरचा अर्धायुकाल ५६ ते ६१ तास दिला आहे.

असे का व्हावे? हे द्रव्य पाण्याचे नाही, स्निग्धाचे सोबती आहे. इंजिनखोलीत काम करणाऱ्याला विचारा : ग्रीस लागलेला हात नुसत्या पाण्याने धुतला तर काय होते? पाणी ओघळते, ग्रीस राहते. सीबीडी तसेच शरीरातल्या मेदात जाऊन बसते आणि तिथून सावकाश रक्तात परतते. यकृत त्याचे रूपांतर करते, आणि बहुतेक भाग शौचावाटे, थोडा लघवीवाटे बाहेर पडतो. उपाशीपोटी घेतले तर फारच थोडे रक्तात उतरते. तेच तूप-तेलाच्या भरपूर जेवणाबरोबर घेतले तर रक्तात मिळणारे एकूण प्रमाण चौपटीपर्यंत वाढू शकते. म्हणून ‘शेजाऱ्याला काही झाले नाही’ हा पुरावा नव्हे. तुमचे जेवण, तुमचे यकृत आणि तुमचे दिवस वेगळे.

येथे कोणी विचारील, ‘मग तपासणीत हे सीबीडी पकडतात का?’ नेहमीच्या तपासणीत त्याचा शोधच घेत नाहीत. शोध घेतात टीएचसीपासून शरीरात तयार होणाऱ्या एका निरुपद्रवी अवशेषाचा. म्हणजे खलाशाने विचारायचा खरा प्रश्न असा : सीबीडीबरोबर पाहुणा कोण आला?

शुद्ध सीबीडीत पाहुणा नसतो. परंतु अख्ख्या झाडाच्या अर्काच्या तेलात टीएचसी असते. शंभरात ०.३ भाग एवढेच म्हटले तरी रोज एक ग्रॅम तेलातून ३ मिलिग्रॅम पोटात जाते, आणि मेदात तेही साठते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात सहा जणांना १०० मिलिग्रॅम शुद्ध सीबीडी दिले, तेव्हा कोणाचीही तपासणी सकारात्मक आली नाही. तेवढेच सीबीडी, पण सोबत ३.७ मिलिग्रॅम टीएचसी असलेली वनस्पती वाफेच्या रूपाने दिली, तेव्हा सहांपैकी दोघांची आली. बाटलीवरच्या चिठ्ठीवर विसंबावे म्हटले तर २०१७ सालचा दुसरा अभ्यास सांगतो की अमेरिकेत घरपोच विकल्या जाणाऱ्या ८४ नमुन्यांपैकी जेमतेम ३१ टक्क्यांवर सीबीडीचे प्रमाण बरोबर लिहिले होते, आणि १८ नमुन्यांत टीएचसी सापडले.

यंत्र किती बारीक पाहते तेही लक्षात घ्या. अमेरिकेच्या सरकारी नियमांत पहिल्या चाचणीची मर्यादा एका मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅम आहे. दहा लक्ष लिटर पाण्याच्या टाकीत ५० ग्रॅम पूड विरघळवली तर जे प्रमाण होईल ते हे. दुसरी, पक्की चाचणी १५ वर येते. क्वचित सेवन करणाऱ्याच्या लघवीत हा अवशेष तीनेक दिवस, तर रोज करणाऱ्याच्या लघवीत महिनाभर किंवा त्याहूनही जास्त सापडू शकतो. झिंग मात्र काही तासांत उतरलेली असते.

आमचे म्हणणे येथे येते. दारूच्या श्वासतपासणीत आत्ताचा अंमल कळतो. जागतिक सागरी नियमांनी २०१० साली रक्तातल्या दारूची ०.०५ टक्क्यांची मर्यादा घातली, ती त्या क्षणाची मर्यादा आहे. लघवीतला भांगेचा अवशेष गेल्या महिन्याची गोष्ट सांगतो. अंश असणे आणि अंमल असणे या दोन गोष्टी एक मानल्या की गुडघेदुखीचा रोगी आणि पहाऱ्यावर झिंगलेला माणूस एकाच ओळीत उभे राहतात. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या आयोगाला जो भेद समजला, तो आजच्या कागदावरच्या एका शब्दात, ‘पॉझिटिव्ह’ या शब्दात, बुडून जातो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ साली याविषयी आचारसंहिता प्रसिद्ध केली. ती बंधनकारक नाही, पण दारू व अमली पदार्थांचे प्रश्न आरोग्याचे प्रश्न म्हणून हाताळावेत आणि कामगाराची माहिती गुप्त राखावी, असे ती स्पष्ट सांगते. मालकांच्या टेबलावर आपण ती ठेवली पाहिजे.

परंतु हक्काची भाषा बोलणाऱ्याने जोखमीचीही बोलावी. जहाजावर एकाची डुलकी वीसजणांच्या जिवावर बेतते. सीबीडीने झिंग येत नसली तरी मोठ्या मात्रेने गुंगी येते, यकृतावर ताण पडू शकतो, आणि रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनसारख्या औषधाचा परिणाम वाढू शकतो. येथे बसलेल्या ज्येष्ठांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. कायदाही गुंतागुंतीचा आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या व्याख्येत फुलोरा आणि राळ येतात. नुसते पान तीतून सुटले, पण महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याची बंधने त्यावर आहेत. विजयेची आयुर्वेदिक औषधे वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. आणि आपल्या वैद्याची चिठ्ठी सिंगापूरच्या बंदरात चालत नाही; तिथे सीबीडीसुद्धा निषिद्ध द्रव्यांत धरतात.

म्हणून बोटीवर जाणाऱ्यांना चार गोष्टी सांगतो. करार जवळ आला असेल तर हे तेल नव्याने सुरू करू नका. आधीपासून घेत असाल तर डॉक्टरांना विचारून, वेळेवर थांबवा. मात्र अपस्मारावरचे औषध मनाने कधीच बंद करू नका. तपासणीपूर्वीच घेत असलेल्या प्रत्येक औषधाचे नाव लेखी द्या आणि चिठ्ठी, बाटली, पावती जपून ठेवा. नमुना तुमच्यादेखत मोहोरबंद झाला की नाही ते पाहा. पहिल्या पट्टीचाच निकाल हाती ठेवला तर, रेणूची पक्की ओळख पटवणारी दुसरी चाचणी झाली का, आकडा किती आला, हे लेखी विचारा. पाणी, ताक, कोकम सरबत पिऊन अवशेष धुऊन निघत नाही. लघवी फार पातळ असली तर प्रयोगशाळेला क्रिएटिनिनवरून ते कळते, आणि नसता संशय ओढवतो.

घरच्या मंडळींनाही एक विनंती. मुलगा परत पाठवला गेला तर गावाआधी तुम्हीच त्याला नशेबाज ठरवू नका. त्याच्या हातातला कागद मागून घ्या. त्यावर अंश लिहिला आहे की अंमल, कोणत्या द्रव्याचा, किती आणि कोणत्या चाचणीने, ते वाचा. वाचता आले नाही तर संघटनेच्या कचेरीत घेऊन या. तिथे बसून आपण तो मिळून वाचू.