भिन्नता निराळी, विषमता निराळी

(‘रुपेरी पडद्यावरील प्रीती आणि आपले घर’ या विषयावर गगनबावडा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



धम्मबांधवांच्या सभेत चित्रपटांतील प्रेमकथांवर बोलावे काय, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. माझ्या मते बोलावे, आणि गांभीर्याने बोलावे. आपला कोल्हापूर जिल्हा मराठी चित्रपटाचे माहेरघर आहे. प्रभात कंपनीचा जन्म १९२९ साली कोल्हापुरातच झाला. आज तर गगनबावड्यासारख्या डोंगरमाथ्यावरच्या गावातही तरुण मुले हातातल्या मोबाईलवर चित्रपट पाहतात. परजातीच्या मुलीवर किंवा मुलावर जीव जडला तर पुढे काय होते, हे त्यांना आईबाप सांगत नाहीत. तो विषयच घरात निघत नाही. ते ज्ञान मुले पडद्यावरून घेतात. तेव्हा पडदा काय शिकवतो याची तपासणी करणे हे पालकांचे कर्तव्यच ठरते.

तपासणीला माप हवे. मी आपल्यापुढे दोन शब्द ठेवतो: भिन्नता आणि विषमता.

आपल्या या गावाहून दोन घाट कोकणात उतरतात. एक करूळचा, दुसरा भुईबावड्याचा. घाट उतरून वैभववाडीच्या बाजूस गेले की बोली पालटते, भाषेचा हेल पालटतो, ताटातला भात वाढतो आणि भाकरी कमी होते. खालची मुलगी लग्न होऊन वर आली म्हणजे तिच्या हेलाला घरची माणसे हसतात, आणि घरच्यांच्या तिखटाला ती हसते. हसणे दोन्हीकडून होते. कोणी कोणाच्या खाली नसते. ही भिन्नता होय. परंतु एखाद्या घरी आलेल्या माणसाला वरून पाणी ओतले, त्याची कपबशी निराळी ठेवली, तर तेथे कोणी हसत नाही. ती विषमता होय. भिन्नतेला ओळख हवी, सवय हवी, थोडा विनोदही हवा. विषमतेची मात्र सवय होऊ देता कामा नये. ती नाकारावीच लागते.

पडद्यावरील पुष्कळशा प्रेमकथांचा दोष हा की, त्या या दोहोंची गल्लत करतात. १९८१ साली आलेला के. बालचंदर यांचा ‘एक दुजे के लिए’ घ्या. गोव्यात शेजारी राहणारे एक तमिळ घर आणि एक हिंदी भाषिक घर. भाषा निराळी, आहार निराळा, म्हणून दोन्ही घरे मुलांच्या प्रेमाला विरोध करतात. शेवट शोकाचा आहे. तथापि जो झगडा दाखवला आहे तो दोन बरोबरीच्या घरांचा आहे. नायक प्रेयसीची भाषा शिकू लागला की निम्मी भिंत पडते. आता याच चष्म्यातून जातीकडे पाहिले तर काय होईल? जणू दलित तरुणाने उच्चवर्णीयांची बोली, पेहराव, चालीरीती शिकून घेतल्या की भिंत पडणारच! ती तशी पडत नाही, हे आपल्या आजे-पणजांना ठाऊक होते.

यापुढील उदाहरण जुने आहे, पण अद्याप बोधप्रद आहे. १९३६ साली बॉम्बे टॉकीजने ‘अछूत कन्या’ काढला. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन हे जर्मन होते. रेल्वे फाटकावरच्या अस्पृश्य चौकीदाराची मुलगी कस्तुरी आणि ब्राह्मण दुकानदाराचा मुलगा प्रताप यांची ही कथा. दोन घरांचा स्नेह जुळतो कसा? चौकीदार त्या ब्राह्मणाला चावलेल्या सापाचे विष स्वतःच्या तोंडाने शोषून काढतो, तेव्हा जुळतो. आणि कथा संपते कशी? भांडणाऱ्या पुरुषांना वाचवण्यासाठी कस्तुरी धावत्या गाडीपुढे जाते आणि प्राण देते. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘जातिनिर्मूलन’ हा प्रबंध प्रसिद्ध झाला. जात मोडण्याचा खरा उपाय आंतरजातीय विवाह हा होय, आणि त्यासाठी जातीला पावित्र्य देणाऱ्या शास्त्रांचा अधिकार नाकारला पाहिजे, असे त्यांनी त्यात मांडले. एकाच वर्षी एकीकडे हा विचार आला आणि दुसरीकडे पडद्यावर अस्पृश्य मुलीच्या मरणावर अश्रू ढाळले गेले.

तेवीस वर्षांनी, १९५९ साली, बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ आला. नूतन यांचा अभिनय त्यात अप्रतिम आहे आणि दिग्दर्शकाचा हेतूही प्रामाणिक आहे. अनाथ अस्पृश्य मुलगी उच्चवर्णीयांच्या घरी वाढते. घरची आई तिला मुलगी म्हणत नाही, मुलीसारखी म्हणते. त्या एका प्रत्ययात जातीचा सारा इतिहास आला आहे! ब्राह्मण तरुण अधीर सुजातावर प्रेम करतो. पण त्या आईचे मन पालटते केव्हा? ती जिन्यावरून पडते, तिला रक्ताची गरज पडते आणि ते एकट्या सुजाताचेच जुळते तेव्हा. म्हणजे एकीच्या बापाने विष शोषावे, दुसरीने रक्त द्यावे, मग त्यांना माणूस म्हणावे! उच्च मानलेल्या घरच्या मुलीला आपली लायकी अशी सिद्ध करावी लागल्याचे कोणत्या चित्रपटात पाहिले आहे?

याच ‘सुजाता’मध्ये चंडालिकेची नृत्यनाटिका येते. मूळ कथा आपल्या परिचयाची आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ती घेतली आहे. आनंद तहानलेला असतो, प्रकृतीजवळ पाणी मागतो. ती आपली जात सांगते. आनंदाला हवे असते पाणी. पुढे भगवान बुद्ध तिला संघात प्रवेश देतात. त्या प्रवेशाआधी प्रकृतीला कोणाचे विष शोषावे लागले नाही की कोणाला रक्त द्यावे लागले नाही. किंमत न मागता जे दिले जाते त्याला समता म्हणतात.

आता आपल्या काळाकडे येऊ. २०१६ साली नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ आला आणि त्याने महाराष्ट्र हालवला. करमाळ्याच्या परिसरातील पाटलाची मुलगी आर्ची आणि मासेमारीवर पोट भरणाऱ्या घरचा परशा. या चित्रपटाने भिन्नता आणि विषमता या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या करून दाखवल्या. गावात वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकाच्या थोबाडीत पाटलाचा मुलगा मारतो आणि त्याचे काही बिघडत नाही; ही विषमता. दोघे पळून हैदराबादला जातात, तेथील झोपडपट्टीतली राहणी आर्चीला सोसत नाही, कानावर पडणारी भाषा समजत नाही, ही भिन्नता. भिन्नतेवर दोघे कष्टाने मात करतात. विषमता मात्र अखेरीस नातेवाइकांच्या रूपाने भेटी घेऊन दारात येते आणि दोघांचा जीव घेते. २०१८ साली याच कथेवर ‘धडक’ हा हिंदी चित्रपट निघाला. कथा उदयपूरला नेली आणि जात इतकी पुसट केली की तो श्रीमंती-गरिबीचा तंटा वाटावा. कथा तीच असली तरी तिचे कारणच काढून घेतल्यावर उरते काय?

त्याच २०१८ साली मारी सेल्वराज यांचा ‘परियेरुम पेरुमाळ’ हा तमिळ चित्रपट आला. तिरुनेलवेलीच्या कायदा महाविद्यालयात शिकणारा दलित तरुण आणि त्याच्यावर माया करणारी उच्चजातीय सहाध्यायिनी. ती त्याला आपल्या घरच्या लग्नाला बोलावते. तेथे तिचे नातेवाईक त्याला कोंडून मारतात, त्याची विटंबना करतात. तिला हे कळतही नाही. मुलगी दुष्ट नाही, भली आहे. पण आपल्या मायेमुळे दुसऱ्याच्या जिवावर काय बेतते, हे न पाहताही तिला सुखाने जगता येते. ही सोय तिला जातीने दिली आहे. ज्याला आपण असंवेदनशीलता म्हणतो तिचे हे खरे रूप होय. तिला वाईट मनाची गरज लागत नाही.

येथपर्यंत आपण दुसऱ्यांच्या घरांविषयी बोललो. आता आपल्या घरात पाहू.

‘सैराट’मधला परशा संशयाच्या भरात आर्चीवर हात उचलतो. ज्या मुलीने त्याच्यासाठी घरदार सोडले, तिच्यावर! जात खालची मानली गेली म्हणून पुरुषपणाचा अधिकार सुटत नाही, हे दिग्दर्शकाने आपल्याच माणसाच्या बाबतीत निर्भयपणे दाखवले आहे. आपल्या तरुणांनी चित्रपटातली गाणी पाठ केली. हा प्रसंगही लक्षात ठेवावा.

दुसरी गोष्ट अधिक जवळची आहे. बाबासाहेबांनी १५ एप्रिल १९४८ रोजी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला. त्या जन्माने सारस्वत ब्राह्मण. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी बाबासाहेबांसमवेत दीक्षा घेतली. त्याच माईसाहेबांकडे बाबासाहेबांच्या निर्वाणानंतर आपल्यातील अनेकांनी संशयाने पाहिले. चौकशीत आरोपाला आधार सापडला नाही, तरी त्यांना पुष्कळ वर्षे चळवळीपासून दूर राहावे लागले. त्यांचा जन्म त्यांच्याविरुद्ध पुरावा मानला गेला. जन्मावरून माणूस जोखणे चूक आहे असे आपण जगाला सांगतो. ते माईसाहेबांच्या बाबतीतही चूकच होते.

म्हणून नवदीक्षित कुटुंबांना माझी विनंती अशी. परजातीची सून घरात आली तर तिचा हेल, तिचा स्वयंपाक, तिच्या माहेरची गाणी यांना घरात जागा द्या. ती भिन्नता आहे. तिच्या जातीवरून टोमणा निघाला तर घरातल्या वडीलधाऱ्याने तो तेथेच थांबवावा. ती विषमता आहे. आपली मुलगी परघरी जात असेल तर तिला एकच प्रश्न विचारा: त्या घरात तुला तुझे नाव, तुझ्या आईबापांचे नाव आणि बाबासाहेबांचे नाव मोकळेपणाने घेता येईल ना? ते लपवावे लागणार असेल, तर ते प्रेम अद्याप अर्धे आहे. आणि वरसंशोधन करताना पोटजात विचारण्याची खोड अजून ज्यांच्या घरी असेल, त्यांनी ती आजच सोडावी. दीक्षा घेतल्यावर पोटजात शिल्लक कशी राहते?

कायदा आपल्या बाजूने आहे हेही मुलांना सांगा. राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ साली कोल्हापूर संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता दिली. स्वतंत्र भारतात १९५४ चा विशेष विवाह कायदा जात व धर्म न बदलता विवाहाची मोकळीक देतो. २७ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शक्ती वाहिनी खटल्यात निर्णय दिला की, दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहाला घराण्याच्या, समाजाच्या किंवा पंचायतीच्या संमतीची आवश्यकता नाही. अशा जोडप्यांच्या रक्षणासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलिसांचा विशेष कक्ष असावा आणि सुरक्षित निवाऱ्याचा विचार व्हावा. धोका वाटताच त्या कक्षाकडे जाण्यात कमीपणा नाही. कस्तुरीला हा आधार नव्हता. आपल्या मुलींना आहे.

तेव्हा यापुढे चित्रपट मुलांसमवेत पाहा. तो संपला की त्यांना विचारा: यात कोणाला किंमत द्यावी लागली आणि कोणाला द्यावी लागली नाही? या प्रश्नाचे उत्तर जे मूल देऊ लागेल, ते मूल प्रेम करतानाही डोळे उघडे ठेवील, आणि कोणाकडूनही कमी दर्जाचे प्रेम स्वीकारणार नाही, कोणाला देणारही नाही.

जय भीम.