बोदवडचा परिसर

सुट्टी लागली कीं शहरवासी मनुष्याची दृष्टि सहसा समुद्राकडे वळते. किनारा, बंदर आणि एखादें पुरातन देऊळ एवढें मिळालें म्हणजे लहानसें गांवहि प्रेक्षणीय ठरतें. खानदेशांतील बोदवडला समुद्र नाहीं. भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या गाडींत, मलकापूर येण्यापूर्वीं, हें स्टेशन लागतें. खिडकीबाहेर काळी जमीन आणि कपाशीचीं शेतें दिसतात, आणि प्रवासी पुन्हां वर्तमानपत्रांत डोकें घालतो. परंतु त्यानें येथें मुद्दाम उतरावें, असें या परिसरांत पुष्कळ आहे.

प्रथम पाहावा तो शिरसाळ्याचा मारुती. या देवस्थानाची ख्याति अशी कीं, मूर्तीवर छत नाहीं. देवाला छत मानवत नाहीं, अशी भाविकांची श्रद्धा आहे. ज्या आकाशाखालीं शेतकरी ऊनपाऊस सोसतो, त्याच आकाशाखालीं त्याचा देवहि राहतो.

उत्तरेस मुक्ताईनगर, म्हणजे पूर्वींचें एदलाबाद. जवळच कोथळी येथें मुक्ताबाईचें जुनें मंदिर आहे. इ. स. १२९७ मध्यें तापीतीरीं मेहूणच्या परिसरांत वीज कडाडली आणि मुक्ताबाई अंतर्धान पावली, असें वारकरी परंपरा सांगते. आषाढींत येथून तिची पालखी पंढरीस जाते.

त्याच तीरावर चांगदेव हें गांव आहे. चौदाशें वर्षें जगल्याची ज्याच्याविषयीं आख्यायिका, तो योगी वयानें पोर असलेल्या मुक्ताबाईचा शिष्य झाला. त्याच्या नांवाचें काळ्या दगडाचें हेमाडपंती मंदिर शांतपणें पाहावें. शिखर नसल्यानें तें दुरून साधें वाटतें; जवळ गेल्यावर मात्र दगडावरील कोरीव कामावर नजर खिळते.

मंदिराजवळच तापी-पूर्णेचा संगम आहे. खालच्या अंगास हतनूरचें धरण झाल्यापासून येथें पाण्याचा विस्तार वाढला असून, हिवाळ्यांत दूरदेशींचे पक्षी उतरतात. संध्याकाळीं त्या जलाशयाकडे पाहतांना समुद्राची आठवण व्हावी. येथून तापी पश्चिमेस वाहत जाऊन सुरतेपलीकडे सागरास मिळते. तिचा एकंदर प्रवास ७२४ किलोमीटरांचा आहे.

मात्र या शोभेची दुसरी बाजूहि प्रवाशानें ध्यानांत घ्यावी. एवढें पाणी जवळ असूनहि बोदवडच्या परिसरास उन्हाळ्यांत टंचाईची झळ लागत आली आहे. नदी सखल भागांत, गांवें उंचावर. पाणी चढवून आणल्यावांचून शेताला मिळत नाहीं. पूर्णेच्या पुराचें पाणी उचलून या शिवारास देण्याची योजना त्यासाठींच आंखली गेली. संगमावर जो विस्तार डोळ्यांना सुखवितो, त्याच्याकडे येथील शेतकरी वेगळ्या नजरेनें पाहतो.

प्रवासास हिवाळा उत्तम. माघांत महाशिवरात्रीच्या सुमारास गेल्यास यात्राहि पाहावयास मिळते. उन्हाळ्यांत जाणें झालेंच, तर पिण्याचें पाणी बरोबर न्यावें. आणि कोण्या घरीं तांब्याभर पाणी पुढें आलें, तर त्याचें मोल जाणून तें घ्यावें.