घेवडा तांबेऱ्याला कसा अडवतो

पावसाळ्यात श्रावणघेवड्याच्या पानांवर खालच्या बाजूला बारीक पुटकुळ्या उठतात. त्यांवरून बोट फिरवलं की विटकरी भुकटी लागते. हा तांबेरा, एका बुरशीचा रोग. हवा गार आणि पान रात्रभर ओलं, की त्याचं फावतं.

त्या भुकटीतला एक बीजाणू पानावर रुजतो. त्यातून निघालेली नळी पर्णरंध्र शोधत चाचपडत जाते. रंध्राच्या कडेचा उंचवटा असतो जेमतेम अर्धा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दोन हजारावा भाग. तेवढ्यावरून बुरशीला दार सापडतं!

पण आत पहारा असतो. प्रतिकारक वाणाच्या पेशी बुरशीला ओळखतात आणि चटकन मरून जातात. तांबेरा फक्त जिवंत पेशीवर पोसतो, त्यामुळे तिथंच त्याची उपासमार होते. अशा पानावर बारीक तपकिरी ठिपका राहतो, भुकटी मात्र धरत नाही. बळी पडणाऱ्या वाणाच्या पेशींना शत्रू ओळखूच येत नाही.

झाडाकडे रासायनिक अस्त्रही आहे. कार्ल म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने 1940 मध्ये बटाट्यावरच्या प्रयोगांतून असं मांडलं, की बुरशीला रोखणारी द्रव्यं झाड हल्ला झाल्यावर तयार करतं. 1958 मध्ये त्याने घेवड्याच्या शेंगांवर हे दाखवलं. घेवड्यातल्या अशा एका द्रव्याला पुढे फॅसिओलिन हे नाव मिळालं.

मात्र तांबेऱ्याच्याही अनेक जाती आहेत. एकीला ओळखणारं वाण दुसरीपुढे हरतं. म्हणून पैदासकारांचं काम संपत नाही. सोयाबीनचा तांबेरा वेगळ्या बुरशीचा, पण लढाई तीच; सांगली-कोल्हापूरकडे त्याने शेतकऱ्यांना बेजार केलं. तिथं राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कसबे डिग्रज केंद्राचं ‘फुले संगम’ हे वाण उपयोगी पडलं.

आपल्या हाती काय? ही सारी चढाओढ वेळेची आहे. पान जितकं लवकर वाळेल, तितकी बुरशीला रुजायला कमी संधी. म्हणून ओळींत अंतर ठेवा, वारा खेळू द्या. पाणी सकाळी आणि बुडाशी द्या. संध्याकाळी पानं भिजवू नका. तोडा संपला की रोगट पाला रानातून काढा, पुढच्या हंगामात त्या जागी दुसरं पीक घ्या. करपा हा घेवड्याचा दुसरा रोग बियाण्यातून पसरतो, तेव्हा डागाळलेल्या शेंगेचं बी कधीच धरू नका. एवढं केलं तर फवारणीचा बराच खर्च झाडच वाचवील.