चर्चा कट्ट्यावरची, नोंद ठाण्यातली



पुण्याच्या उपनगरातल्या कुठल्याही सोसायटीची बैठक घ्या. पाण्याचे टँकर आणि पार्किंग उरकलं की विषय निघतो तो चोऱ्यामाऱ्यांचा. रात्री रस्त्यावरच्या गाड्यांच्या काचा फोडल्या, पोरं कोयते नाचवत गेली, फिरायला निघालेल्या आजींचं मंगळसूत्र ओढलं. मग कुणीतरी विचारतंच, “पोलीस करतात काय?” प्रश्न रास्त आहे. तो विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण माझी सारी नोकरी पोलीस ठाण्यात झाली आहे, म्हणून मी त्या बैठकीत आधी एक गोष्ट विचारतो. यातल्या किती घटनांची फिर्याद कुणी दिली? बहुतेक वेळा सगळे एकमेकांकडे बघतात.

रात्रीची गस्त कोणत्या रस्त्यावर घालायची, बीट मार्शलनी पहाटे कुठल्या वळणावर थांबायचं, नाकाबंदी कुठे लावायची, हे ठरवताना अधिकाऱ्यासमोर दाखल गुन्ह्यांचा तक्ता असतो. तुमच्या गल्लीत महिनाभरात चार प्रकार घडले आणि नोंद एकाचीच झाली, तर त्या तक्त्यात तुमची गल्ली शांत दिसते. मनुष्यबळ अपुरं असतं, मग ते दुसरीकडे जातं.

सगळ्यात जास्त नोंदी गळतात त्या मोबाइलच्या. पीएमपी बसच्या गर्दीत खिशातून फोन जातो. माणूस ठाण्यात येतो. त्याला हवं असतं नवं सिमकार्ड आणि विम्यासाठी एखादा कागद. ठाण्यात विचारतात, “चोरताना कुणाला पाहिलंत का? नाही ना? मग गहाळ लिहा, दाखला लगेच मिळेल.” त्याला ऑफिस गाठायचं असतं, तो गहाळ लिहून देतो. दोघांचंही काम झटपट होतं, आणि त्या बसमार्गावर पाकीटमारांची टोळी आहे ही गोष्ट कागदावर येतच नाही. म्हणून सांगतो, फोन रिक्षात विसरला असेल तर गहाळ लिहा. चोरीला गेला असेल तर चोरीच लिहा आणि त्यावर ठाम राहा. चोराला पाहिलेलं असलंच पाहिजे अशी अट कायद्यात नाही.

इथे एक बारकावा आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यानुसार 5000 रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची साधी चोरी अदखलपात्र ठरते, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. त्यामुळे फोनची किंमत दाखवता यावी म्हणून मोबाइलचं बिल, खोका, आयएमईआय क्रमांक घरी जपून ठेवा. *#06# दाबलं की तो क्रमांक फोनवरच दिसतो. आज रात्रीच वहीत उतरवून ठेवा. घरात शिरून केलेल्या चोरीचं कलम वेगळं आहे. गळ्यातला दागिना किंवा हातातला फोन हिसकावून नेणं यालाही नव्या कायद्यात स्वतंत्र कलम आहे. हे दोन्ही गुन्हे दखलपात्र आहेत.

दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की ती नोंदवणं पोलिसांना बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ललिताकुमारी खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे. “ही जागा आमच्या हद्दीत येत नाही” हे उत्तरही चालत नाही. गुन्हा शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवायचा असतो. फिर्याद ऑनलाइन दिलीत तर तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. प्रथम खबर अहवालाची प्रत तुम्हाला मोफत मिळते. ती हातात घेतल्याशिवाय उठू नका. तीन किंवा अधिक, पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत आधी प्राथमिक चौकशी करता येते, पण त्यासाठी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि ती चौकशी 14 दिवसांत संपवावी लागते. “चौकशी करून कळवतो” असं कुणी म्हटलं, तर परवानगी घेतली आहे का आणि चौदावा दिवस कोणता, हे शांतपणे विचारा. तरीही नोंद झालीच नाही, तर हकिगत लेखी स्वरूपात टपालाने वरिष्ठांकडे पाठवा, म्हणजे जिल्ह्यात पोलीस अधीक्षकांकडे, आयुक्तालयात परिमंडळाच्या उपायुक्तांकडे. तिथेही दाद मिळाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. आणि गुन्हा दाखल झाल्यावर तपास कुठवर आला हे 90 दिवसांच्या आत तुम्हाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

आता अर्ज कसा लिहायचा ते ऐका. “आमच्या भागात गुंडांचा सुळसुळाट झाला असून नागरिक भयभीत आहेत, तरी कडक कारवाई व्हावी.” असे अर्ज मी ढिगाने वाचले आहेत. त्यावर कुणाला कुठे पाठवायचं, हे त्यातून कळत नाही. त्याऐवजी लिहा, “मंगळवारी रात्री साडेअकरा ते बाराच्या दरम्यान, बंद पडलेल्या रोपवाटिकेच्या कोपऱ्यावर, महापालिकेचा दिवा बंद असलेल्या खांबाखाली, तीन मोटारसायकलींवरून सहाजण आले. दोन गाड्यांना नंबरप्लेट नव्हती. चार मोटारींच्या काचा फोडून ते कालव्याच्या दिशेने गेले.” एवढ्या मजकुरावर बीट अंमलदार त्याच रात्री कामाला लागू शकतो. शिवाय त्या बंद दिव्यासाठी महापालिकेच्या विद्युत विभागाला वेगळा अर्ज करता येतो.

सीसीटीव्हीचं एकच सांगतो. बहुतेक डीव्हीआरमध्ये चित्रण काही दिवसच टिकतं, नंतर त्यावर नवं चढतं. घटना घडल्याबरोबर ते वेगळं काढून ठेवा. यंत्रावरची वेळही तपासा. घड्याळ वीस मिनिटं मागे असेल तर ते पंचनाम्यात नोंदवून घ्या, नाहीतर न्यायालयात बचाव पक्ष त्यावरच बोट ठेवेल.

याच कॅमेऱ्यातलं चित्रण मोबाइलवर गावभर फिरवायची सवय मात्र सोडा. हल्लेखोर अनेकदा अल्पवयीन असतात आणि अशा मुलांची ओळख उघड करणं हा बाल न्याय कायद्यानुसार गुन्हा आहे. त्याहून मोठी भीती वेगळीच आहे. 1 जुलै 2018, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. रविवारच्या बाजाराला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना, मुलं पळवणारी टोळी समजून, जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. ती माणसं भिक्षा मागून पोट भरणारी होती. त्यांच्याविरुद्ध ना तक्रार होती, ना पुरावा. मोबाइलवर फिरत असलेल्या अफवा होत्या. या घटनेचा विचार मनात आला की आजही माझा घसा दाटून येतो. आपल्या बैठकांतही “बाहेरून आलेले लोक”, “त्या वस्तीतली पोरं” असे शब्द सहज येतात. काही जमातींवर इंग्रजांनी 1871 मध्ये कायद्यानेच जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण फासेपारध्याच्या पोराकडे बघायची नजर अजून बदलली नाही. फिर्यादीत काय पाहिलं ते लिहा. कोण असेल याचा अंदाज जातीवरून किंवा वस्तीवरून बांधू नका. कुणी संशयास्पद वाटलं तर 112 वर फोन करा, अंगावर हात टाकू नका.

नागरिक आणि पोलीस एकत्र बसले की काय होऊ शकतं, हे महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. भिवंडी 1984 च्या दंगलीत होरपळली होती. 1988 मध्ये तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यात हिंदू-मुसलमान रहिवाशांच्या समित्या उभ्या केल्या. नळाच्या भांडणापासून सगळे वाद तिथे बोलून मिटू लागले. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये जवळची मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. पुढे 1994 मध्ये मुंबईतही मोहल्ला कमिटीची चळवळ उभी राहिली; त्यात माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी पुढे होते.

तुमच्या भागात अशी बैठक घ्यायची असेल तर ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांना लेखी पत्र द्या आणि बीट अंमलदाराला आवर्जून बोलवा. रोज रस्त्यावर तोच असतो. त्याला दोषी ठरवायला बोलावल्यासारखं वागवू नका, पण नोंदी घेऊन प्रश्न विचारा. मागच्या तीन महिन्यांत आमच्या बीटमध्ये किती गुन्हे दाखल झाले, किती उघडकीस आले, रात्री गस्तीची गाडी किती वाजता फिरते. झालेलं बोलणं इतिवृत्तात लिहा, पुढची तारीख तिथेच ठरवा. बैठकीची वेळ अशी ठेवा, की सोसायटीचा रखवालदार आणि पहाटे साडेपाचला त्या रस्त्याने कामावर येणाऱ्या मावशीही बसू शकतील, आणि सगळ्यात आधी त्यांना बोलू द्या.