वाचलेले पाणी कोणाच्या खात्यावर?

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज भावाचे बोलायचे नाही, कर्जाचेही बोलायचे नाही. आज पाण्याचे बोलायचे आहे. कोणी म्हणेल, आम्ही वरोरा, राजुरा, कोरपन्याचे कोरडवाहू लोक. कापूस आणि ज्वारी पिकवतो, ढगाकडे पाहून पेरतो. धरणाच्या पाण्याशी आमचे देणेघेणे काय? आमचे म्हणणे उलटे आहे. ज्याच्या वावरात पाणी येत नाही, त्यानेच आधी हिशेब विचारला पाहिजे. ज्याला मिळते तो कशाला विचारील?

तेव्हा हिशेब मांडू. आपल्याकडे चांगल्या वर्षी १,२०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एका एकरावर तो किती होतो? ४८ लाख लिटर. बोंडे भरण्याच्या वेळी पावसाने दडी मारली, तर एकराला दोन इंचाची एक पाळी लागते. तिचे होतात दोन लाख लिटर. म्हणजे आभाळ जेवढे देते त्याचा चोविसावा हिस्सा वेळेवर हाताशी असला, तर पीक पदरात पडते. आम्ही पाण्याने गरीब नाही. चार दिवसांत बदाबदा येते, बांध फोडून मातीसकट नाल्याला जाते, आणि पुढे वीस दिवस जमिनीला भेगा पडतात. आमची गरिबी वेळेची आणि साठवणीची आहे.

आता दुसरे खाते उघडू. चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचे आहे. त्याची तहान भागवण्यासाठी इरई धरण आहे. चंद्रपूर शहरही त्याच धरणाचे पाणी पिते. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये नियम काढला की जुन्या औष्णिक केंद्रांनी एका मेगावॅट-तासाला साडेतीन हजार लिटरपेक्षा जास्त पाणी वापरू नये. केंद्र पूर्ण ताकदीने दिवसभर चालले आणि नियम पाळला, तरी दिवसाला साडेचोवीस कोटी लिटर होतात. एवढ्या पाण्यात रोज १,२०० एकरांची एक पाळी निघते. वीज नको असे आम्ही म्हणत नाही. आमचे पंपही विजेवरच चालतात. पण पाणी कुठे जाते ते माहीत असावे, एवढे तरी म्हणू की नाही?

२००९ चा पावसाळा हलका गेला. २०१० च्या उन्हाळ्यात धरण तळाला गेले आणि वीज केंद्राचे संच बंद करावे लागले. तेव्हा सरकार खडबडून जागे झाले, मुंबईपर्यंत फोन खणखणले. त्याच सालात आमचे वावर करपले तेव्हा कोणाचा फोन वाजला? संच बंद पडला की ती आणीबाणी, पीक वाळले की ते नशीब!

आता सांडपाण्याकडे येऊ. २०११ च्या जनगणनेत चंद्रपूर महापालिकेत ३ लाख २० हजार माणसे होती. माणशी १३५ लिटर हे सरकारी माप, आणि त्यातले ऐंशी टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते असे धरतात. म्हणजे रोज साडेतीन कोटी लिटरच्या आत-बाहेर. हे पाणी शुद्ध करून वीज केंद्राला दिले, तर धरणातले तेवढे स्वच्छ पाणी वाचते. ही कल्पना हवेतली नाही. नागपूरच्या भांडेवाडीत सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीज केंद्राला दिले जाते. जानेवारी २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणात तर लिहूनच ठेवले आहे की सांडपाणी शुद्धीकरण केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्राने ते पाणी वापरलेच पाहिजे.

याने सगळी तहान भागेल अशी फुशारकी आम्ही मारणार नाही. साडेचोवीस कोटीत साडेतीन कोटी म्हणजे सातवा हिस्सा. पण हा सातवा हिस्सा म्हणजे रोज १७० एकरांची पाळी आहे, आणि दुष्काळातही तो आटत नाही. माणसे आहेत तोवर सांडपाणी आहे.

आणि खरा प्रश्न पुढेच आहे. वाचलेले पाणी कोणाच्या खात्यावर जमा होणार? नवा कारखाना येईल, नवी वसाहत येईल, आणि वाचलेले पाणी निमूटपणे तिकडे वळेल. तसे झाले, तर बचत आमच्या नावाने आणि खर्च दुसऱ्याच्या नावाने. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाला बसवले होते, शेतीला त्याच्या मागे. २०११ मध्ये तो क्रम बदलून शेतीला पुन्हा दुसऱ्या जागी आणले. कागदावर पाट मिळाला आहे, ताट अजून यायचे आहे.

काही जण म्हणतील, सांडपाणीच शेताला द्या. भावांनो, इथे सावध राहा. कापसाला ते चालू शकेल, पण त्यातले क्षार मोजल्याशिवाय घेऊ नका. पाण्यात सोडियम जास्त असला, तर आपली काळी जमीन चोपण होते, आणि चोपण जमीन सुधारायला वर्षे जातात. दर हंगामाला तपासणीचा कागद हातात आला, तरच पाट उघडावा.

दुष्काळासारखीच पुराचीही गोष्ट आहे. ऑगस्ट २०२० अखेर वैनगंगा चढली, ब्रह्मपुरी आणि देसाईगंजकडची गावे पाण्यात गेली. जुलै २०२२ मध्ये वर्धा आणि इरईच्या काठचा कापूस, सोयाबीन सडले. भामरागडला पर्लकोटा नदी रस्ता तोडते तेव्हा तालुक्याचा जगाशी संबंध तुटतो. पावसाचे गणित बदलले आहे, कमी दिवसांत जास्त कोसळतो. धरणाचे दरवाजे किती वाजता, किती उघडणार, हा निरोप पाण्याच्या आधी गावात पोचला पाहिजे. आजवर अनेकदा पाणीच निरोप घेऊन आले.

हे सगळे सरकारने करावे आणि आपण बसून राहावे, असे नाही. आपल्या पूर्वजांनी तसे केले नाही. गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधील त्याला जमीन मिळे. त्या इनामाला तुकूम म्हणत, चंद्रपुरात त्या नावाची वस्ती आजही आहे. त्यातून आणि पुढे मालगुजारांच्या हातून पूर्व विदर्भात हजारो तलाव झाले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. मालक बदलला आणि राखणदार हरवला. गाळ साचला, पाळ खचली. धानपट्ट्यातले हे तलाव गावाने हातात घ्यावेत. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ ने ग्रामसभेला पाणलोट आणि पाण्याचे साठे राखण्याचा अधिकार दिला आहे. गडचिरोलीच्या गावांनी तो वापरावा. कापूसपट्ट्यात आपण उताराला आडवी पेरणी करावी, दर काही ओळींनंतर सरी काढावी. वीस बाय वीस मीटर, तीन मीटर खोल शेततळ्यात पावणेनऊ लाख लिटर मावते. वाफ आणि झिरपा वजा केला, तरी दोन-तीन एकरांची एक पाळी निघते.

आता ठराव मांडतो. इरई धरणाचा वर्षाचा पाणी-हिशेब मराठीत छापून तालुक्याला वाचून दाखवावा. शहराचे शुद्ध केलेले सांडपाणी आधी वीज केंद्राने घ्यावे, आणि वाचलेल्या पाण्यातला संरक्षित पाळीचा वाटा लेखी ठरवावा. तपासणीशिवाय सांडपाणी कोणाच्या शेतात सोडू नये. धरणाच्या विसर्गाची सूचना गावागावात आधी पोचवावी.

भीक नको, हिशेब हवा. ज्यांना हा ठराव मान्य असेल त्यांनी हात वर करावेत, आणि घरी गेल्यावर तेच हात आपल्या वावराच्या बांधालाही लावावेत.