घरचा प्रोजेक्टर व हार्ड डिस्क

गेल्या दिवाळींत आमच्या घरीं प्रोजेक्टर आला. धाकट्या बहिणीच्या १९९६ सालच्या लग्नाची व्हिडिओ-फीत मुलानें पूर्वींच हार्ड डिस्कवर उतरवून ठेविली होती. तीच प्रथम पाहावयाची, असा बेत ठरला. बहीण आज हयात नाहीं.

डिस्क जोडली, आंतून टकटक असा आवाज आला आणि भिंत कोरीच! दोष डिस्कचा नव्हे, विजेचा होता. यूएसबी २.० जातीच्या साध्या पोर्टमधून ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर प्रवाह मिळावा, असा नियम आहे. डिस्कमधील तबकडी फिरूं लागतांना त्याहून अधिक मागते. स्वतंत्र वीज घेणारा हब मध्यें जोडतांच टकटक थांबली. पेनड्राइव्हला एवढी भूक नसते.

तरीहि चित्र दिसेना. डिस्कची मांडणी एनटीएफएस पद्धतीची. आमच्या यंत्रास फॅट३२ तेवढें वाचतां येई. मांडणी बदलण्यासाठीं मुलगा संगणकावर डिस्क ‘फॉरमॅट’ करावयास निघाला, तेव्हां मीं त्याचा हात धरला. फॉरमॅट करणें म्हणजे पाटी पुसणें. आणि दुसरी प्रत आमच्याजवळ नव्हती! अखेर कोरा पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीनें मांडून घेतला. तींत एक फाइल ४ जीबीच्या आंतच असावी लागते. आमची मोठी, म्हणून तिचे तीन तुकडे केले.

रात्रीं साडेदहाला बहिणीचा चेहरा भिंतीवर उमटला. तिसरा तुकडा आधीं लागल्यामुळें पाठवणी अगोदर आणि मंगलाष्टकें मागून झालीं. परंतु कोणीं तक्रार केली नाहीं.